मुन्नाने आणलेला कागद

कारंजा, ३ नोव्हेंबर

चि. वीरेंद्र यास ताईचे अ. आ.

व्यसनमुक्ती केंद्रात फोन चालत नाही म्हणून का होईना, तू पत्रं मागायला लागलास. धनजला आपल्या शेतातलं सोयाबीन निघालं, आता कापूस वेचणी चालू आहे. आई सारखी विचारते, पोट्टा नीट जेवून राह्यला का.

तुझा पुण्याचा मित्र मुन्ना तुला पत्र लिहायला पुन्हा जाड कागद देऊन गेला. साहेबांना वहीचं पान चालत नाही वाटतं. असो, लाड पुरवते. तुझी गांजाची तपासणी कोरी आली, हे बाबा गावभर सांगत फिरतात. पंधरवड्यात तुला घरी आणायचं म्हणतात.

लोभ आहेच, दोन ओळी लिहून वाढव.
निता

केंद्र, मंगरूळपीर, १० नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं एकही पत्र मी वाचलेलं नाही. फाडून, विडीत भरून ओढलं. मुन्ना त्या कागदावर रसायन फवारून आणतो. पुण्यात आम्ही हेच पुडीतून ओढायचो. नशा गांजासारखी, पण गांजाच्या तपासणीत सापडत नाही. कपाशीवर फवारा कुठे पडतो, कुठे नाही, तसंच हे. एका तुकड्यात काहीच नसतं, दुसऱ्यात जीव जाईल एवढं. काल माझ्याकडून घेतलेला तुकडा ओढून शेजारच्या खाटेवरच्या हेमसिंगला झटके आले. कसाबसा वाचला.

बाबा मला न्यायला येणार असं डॉक्टरांकडून कळलं. मला घरी नेऊ नका. मी कागद पुन्हा मागेन. तू देऊ नकोस.

तुझ्या लोभाला न शोभणारा,
वीरेंद्र

केंद्र, १६ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मागचं पत्र तापात लिहिलं, मनावर घेऊ नकोस. उलट्या होतात, झोप नाही, छाती धडधडते. मुन्नाकडचं एकच पान पाठव. काही लिहिलं नाहीस तरी चालेल. तुला माझी शपथ.

लोभ असेल तर पाठवशील.
वीरेंद्र

कारंजा, २० नोव्हेंबर

चि. वीरेंद्र यास ताईचे अ. आ.

तुझी दोन्ही पत्रं मी केंद्राच्या डॉक्टरांना दाखवली. मुन्नाला दारातूनच हाकललं. बाबा आधी ऐकेनात, म्हणाले की रिपोर्ट साफ आहे तर पोट्ट्याले तिथं कायले ठेवायचं. मग तुझं पत्र वाचून कबूल झाले. तुझा मुक्काम वाढला आहे. मला खुशाल शिव्या दे.

हे पत्र डॉक्टर तुला वाचून दाखवतील, कागद हाती देणार नाहीत. मीच तसं सांगितलं. म्हणून सप्टेंबरात लिहिलेलं पुन्हा लिहिते. मला दिवस गेले आहेत, तू मामा होणार आहेस. तुझ्याकडून त्यावर एक अक्षर आलं नाही, म्हणून मी इतके दिवस मनातून रुसले होते.

लोभ कमी झालेला नाही.
तुझी ताई निता