अश्विनीचं नाव विलासकडे

मंगळवार, १७ ऑगस्ट १९९९
मीरा रोड

संध्याकाळी सायबर कॅफेत गेलो होतो. हाटकेश इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात आपण बनवतो त्या स्टीलच्या गाळण्या बाहेरगावीही जाव्यात, म्हणून वेबसाइट काढायची होती. नाव कारखान्याचंच, म्हणजे लेकीचं. अश्विनी. ती गेली त्याला सहा वर्षं झाली.

कॅफेवाल्याने नाव टाइप केलं आणि म्हणाला, "अंकल, ये डोमेन तो गया. वसई के किसी विलास ने ले रखा है." जो आधी नोंदवेल त्याचं नाव, असा नियम म्हणे. मग बापाचा हक्क काहीच नाही?

विलास माझा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी भांडून वेगळा झाला, वसईत हाच धंदा करतोय. कॅफेवाल्याचे पैसे दिले आणि उठलो.

घरी येऊन त्याला फोन लावला. म्हटलं, "अश्विनी माझी मुलगी होती."

"माहितीये, दादा. पण तिला फिट आली तेव्हा उचलून दवाखान्यात मी धावलो. तू ऑर्डर पुरी करत होतास."

खरंच आहे ते. फोन ठेवला.

बायको शेजारीच उभी होती. तिला सांगितलं, नाव विलासने घेतलंय.

"भावोजींकडे आहे ना? त्या दिवशीही ती त्यांच्याच हातांत होती. असू दे," ती म्हणाली आणि आत गेली.

सहा वर्षांत त्या दिवसाबद्दल ती पहिल्यांदाच काही बोलली.