झांजीबारला जाऊ नको, असं कोणी म्हणेना

मु. खेडी, ता. एरंडोल, पूर्व खानदेश
भाद्रपद वद्य तृतीया, शके १८५७

चिरंजीव पितांबर यास, समुद्र ओलांडून पोचतील इतके दणकट आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. तुझी खुशाली विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, बाकी ती मला तोंडपाठ आहे. तुझं मागचं पत्र या गावात इतक्या वेळा वाचून झालं आहे की 'इकडील हवा मला मानवली' हे वाक्य आलं की ओट्याखालची म्हैससुद्धा मान हलवते. आणि वाचणारा कोण, तर मी. तुझ्या मायला, म्हणजे माझ्या ताईबाई काकूला, अक्षर कळत नाही आणि गल्लीत सातवी पास मी एकटा. त्यामुळे तिकडे नारळ आपोआप पडतात, आंब्याला वर्षातून दोनदा बहर येतो आणि तिकडचे तुझे शेठ तुला 'पितांबरभाई' म्हणून हाक मारतात, हे सगळं मला माझ्या तोंडाने, आवाज चढवून, लोकांना सांगावं लागतं. मी जरा भरभर वाचलं तर काकू म्हणते, पुन्हा वाच. लवंगांचा वास गावभर दरवळतो, ही ओळ तर तिने इतक्यांदा वाचून घेतली की मला नुसत्या कागदावरून शिंका यायला लागल्या. (वास इकडेही येतो. तू जळगावच्या ज्या कापसाच्या जिनात फिटर होतास, तिथल्या ओल्या सरकीचा वास तू विसरला नसशील. पण त्यावर कोणी पत्र लिहीत नाही.)

तू गेल्यापासून काकूला सगळे 'झांजीबारवाली' म्हणतात. बाजारात तिला वाट करून देतात. शेजारचा तोताराम रोज सकाळी मला भेटतो आणि विचारतो, पितांबर कसा आहे? मागच्या महिन्यात मी आठ दिवस तापाने फणफणत होतो, तेव्हाही तो उशाशी बसून हेच विचारत होता. स्पष्टच लिहितो, मला तुझा हेवा वाटतो. रात्रंदिवस वाटतो, आणि जेवताना जरा जास्त वाटतो. प्लेगात माझे आईबाप गेले तेव्हा तू जन्मलाही नव्हतास. काकूने मला पदराखाली घेतलं ते त्या वेळी. म्हणजे तिचा पहिला मुलगा मी. (हे तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून लिहून ठेवतो.) तिचं शेत मी करतो, तिच्या गुडघ्याला तेल मी आणतो, आणि तिच्या तोंडी नाव मात्र तुझं.

त्यातून श्रावणात कानबाईचा सण आला. समुद्राच्या वाऱ्यात तुला विसर पडला असेल तर आठवण करून देतो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याचे रोट करायचे आणि ते पुनवेच्या आत घरच्यांनीच संपवायचे. परक्याच्या तोंडी कण जाता कामा नये. काका गेल्यापासून घरात पुरुष म्हणजे तू आणि मी. पहिली मूठ तुझ्या नावाची निघाली. काय ती मूठ! बोटांच्या फटीतून दाणे सांडत होते, आणि सांडलेलेही तुझ्याच वाट्यात धरले. माझ्या नावाची मूठ भरताना काकूला एकदम आठवण झाली की चुलीवर दूध आहे. बरं, भरली ती भरली. पण तुझ्या वाट्याचे रोट खाणार कोण? तुझी भागावहिनी आणि पोरी तुकडा मोडून उठल्या. उरलो मी. काकू समोर पाट टाकून बसली आणि म्हणाली, "खाय रे भाऊ, तू खाशी ते तठे त्याले पोचस." मी खात गेलो. गळ्याशी आलं तरी खात गेलो. शेवटी काकूने विचारलं ते माझं पोट भरलं का असं नाही, तर त्याचं भरलं असेल का, असं! तुझं भरलं की नाही मला ठाऊक नाही. माझं मात्र असं बिघडलं की पुढे दोन दिवस शेताकडे न जाता शेताच्या अलीकडेच मुक्काम होता.

तिथे बसल्या बसल्या माझ्या डोक्यात उजेड पडला. या घरात माणसाला किंमत येते ती तो निघून गेल्यावर. जो घरी असतो तो खांबासारखा. खांब किती छान उभा आहे असं कोणी म्हणत नाही, त्याला फक्त बैल बांधतात. आणि तुझ्या पत्राच्या शेवटी, कोपऱ्यात, जागा उरली म्हणून टाकावी तशी तुझी ओळ होतीच की शेठना खोबरेल तेलाच्या वखारीवर भरवशाचा माणूस हवा आहे, अभिमनभाऊ येतो का विचारा. (विचारा! अरे, वाचणारा मी, उत्तर देणारा मी, तर मला सरळ विचारायला काय झालं होतं? ती ओळ मी तीन वाचनांत गाळली. चौथ्या वेळी तोंडातून निसटली.) मला काही खोबऱ्याच्या तेलाचा सोस नव्हता, पितांबर. मला तिथून पत्र पाठवायचं होतं. ते इथे दुसऱ्या कोणीतरी मोठ्याने वाचावं, काकूने डोळे पुसावे आणि म्हणावं, पुन्हा वाच.

पण मी काही उतावळा माणूस नाही. आधी चौकशी केली. शाळेतल्या मास्तरांकडे नकाशा आहे, त्यात झांजीबार शोधलं. मास्तरांनी बोट ठेवलं, मी म्हणालो, बोट उचला, दिसत नाही. त्यांनी बोट उचललं तरी दिसेना. एवढंसं बेट! आपल्या गावच्या पोळ्याला बैल उभे केले तर अर्धे पाण्यात राहतील. मग जळगावला गेलो. तिथे पेठेत खिळे-बिजागऱ्या विकणारा एक म्हातारा बोहरी आहे, तो जवानीत तिकडे राहून आला आहे. त्याने बेटाबद्दल अवाक्षर काढलं नाही, बोटीबद्दलच बोलत राहिला. म्हणाला, बोट हलते, पोटात काही टिकत नाही, निघण्याआधी झोक्यावर बसून सवय करा. नागपंचमीचा झोका अजून आपल्या दारच्या निंबाला टांगलेला होता. दुसऱ्या दिवशी मी, मिशा असलेला, दोन पोरींचा बाप, धोतराचा काचा मारून झोक्यावर बसलो आणि तोतारामला म्हणालो, दे झोका. गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून ओळीने उभ्या राहिल्या. एकीने तर गाणंही धरलं, सासरी निघालेल्या पोरीचं. तोतारामला माझ्यावर जुना राग असावा. त्याने असे हेलकावे दिले की मला एकदा निंबाचा शेंडा दिसे, एकदा माझा स्वतःचा जन्म. पुढे काय झालं ते सविस्तर लिहीत नाही. तोतारामला नवीन पागोटं घेऊन द्यावं लागलं एवढंच सांगतो.

असा सगळा विचार करून मी घरात विषय काढला. वेळ नीट निवडली होती. सगळे जेवत होते. मी भाकरीचा तुकडा हातात धरूनच म्हणालो, झांजीबारला जावं म्हणतो. आणि थांबलो. रडायला जागा ठेवली. काकूच्या हातून तांब्या पडेल, भागाबाईचा घास अडकेल, पोरी पायाला मिठी मारतील, मग मी बराच वेळ 'जाणारच' म्हणेन आणि शेवटी नाइलाजाने राहीन, असा माझा बेत होता. भागाबाईने आमटी वाढता वाढता विचारलं, "कधी?" एवढंच. वर म्हणाली की खळ्याच्या आधी निघालात तर बरं, खळ्याच्या वेळी शेत वाट्याने करणारा भागीदार मिळणं कठीण जातं. धाकटीने विचारलं की तुमची घोंगडी मी घेऊ का. काकू उठली, हात धुतले आणि माळ्यावरून मोठी ट्रंक काढायला सांगितली. काढणारा कोण, तर मीच.

तेव्हापासून या घरात बांधाबांध चालू आहे. आणि त्यात माझं काय आहे म्हणशील, तर दोन सदरे. बाकी सगळं तुझं! उडदाचे पापड तुझे, ज्वारीच्या बिबड्या तुझ्या, कळण्याचं पीठ तुझं, तिखटाचं गाडगं तुझं. भरताच्या वांग्यांचं बी फडक्यात बांधून त्यावर गाठ मारली आहे आणि मला बजावलं आहे की ते बोटीत छातीशी धरून झोपायचं. सगळ्यांत कहर म्हणजे मांडे भाजायचं खापर. अख्खं, मातीचं, डोक्यापेक्षा मोठं. तिकडे पुरणाचे मांडे कोण करून घालणार असं काकूला वाटतं, आणि खापर ट्रंकेत फुटेल म्हणून ते मी मांडीवर घेऊन जायचं ठरलं आहे. एरंडोलचा मोटारवाला मला खापर मांडीवर घेऊन बसू देईल, मुंबईच्या बंदरावरचा गोरा अंमलदारही कदाचित देईल, पण इतके दिवस समुद्रावर मी उपडं खापर पोटाशी धरून बसलो की लोक मला काय समजतील? एकदा वाटलं विचारावं, काकू, मी माणूस चाललो आहे की पार्सल? पण 'पार्सल' असं उत्तर आलं तर काय घ्या, म्हणून गप्प बसलो.

गावात तर मी जवळजवळ गेलोच आहे. न्हावी म्हणतो, चांगली बारीक करतो, बोटीत बरं. देवळात मला पुढे बसवतात ही एक गोष्ट चांगली झाली, पण त्यातही लोक निरोप सांगतात ते तुझ्यासाठी. जाऊ नको असं म्हणणारा या पंचक्रोशीत एकही माणूस सापडला नाही. शोधला मी. एका संध्याकाळी गोठ्यात जाऊन बैलाजवळ उभा राहिलो, तर त्यानेही पेंडीच्या पाटीतून तोंड वर काढलं नाही.

तेव्हा माझा विचार असा की जावं. इथे माझ्यावाचून काही अडत नाही हे आता सिद्ध झालं आहे. तिकडे निदान वखारीचं तरी अडेल. शेठना नमस्कार सांग. तब्येतीला जप. खोबरेल फार लावू नकोस, डोकं आधीच निसटतं आहे तुझं.

तुझा (वडील, हे विसरू नकोस) भाऊ
अभिमन

ता. क. पितांबर, वरचं सगळं पत्र बाजूला ठेव आणि एवढंच नीट वाच. मला यायचं नाही. मला समुद्राची भीती वाटते, आणि या घरातून जायचं म्हटलं की निंबाचा शेंडा दिसायला लागतो, झोक्याशिवायही. पण आता ट्रंक दारात आहे, कोणत्या तोंडाने नाही म्हणू? तू एक कर. उलट टपाली काकूच्या नावाने लिही की जागा भरली, शेठना दुसरा माणूस मिळाला. मी ते वाचताना हळहळ दाखवीन. एवढं तुझ्या भावासाठी कर. बिबड्या दुसऱ्या कोणाबरोबर पाठवतो.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करत होतो एवढ्यात काकू येऊन ओट्यावर बसली. म्हणाली, पितांबरला लिहितोस तर माझेही चार शब्द घाल, मी सांगते तसेच घाल, तुझ्या पदरचे नकोत. मग माझ्याकडे न बघता, निंबाकडे बघत तिने सांगितलं आणि मी लिहिलं. ते असं आहे:

"पितांबर, अभिमनले तठे बलाऊ नको. तू मना पोटना शे, कोठेबी गया तरी मनाच शे. तो मना हातना शे. तो गया ते मना हातच गया. तुना शेठले सांग, दुसरा माणूस देख. आनि हाई अभिमनले कयू देऊ नको."

अभिमनला हे कळू देऊ नको, हेही मीच लिहून घेतलं. शाई दोनदा पसरली आहे, ती हवेमुळे समज. मग मी विचारलं, काकू, असं होतं तर एवढी बांधाबांध कशाला केली? तर म्हणाली, "तुले जावानी एवढी हौस दिसनी. हौस मोडानी कशी?" आणि उठून पापड उन्हात घालायला गेली, जसं काही झालंच नाही.

ता. क. तिसरा आणि खरा. पहिल्या ता. क.मधलं 'जागा भरली' हे रद्द. असं मुळीच लिहू नकोस. जागा रिकामी आहे असं लिही. शेठ रोज वाट बघतात, अभिमनभाऊशिवाय वखार उघडत नाहीत, हातापाया पडतात, असं लिही. तुला सुचेल तेवढं वाढवून लिही, तुझा हात त्यात बसलेला आहेच. गल्ली जमली की मी ते सावकाश वाचीन, कोणी सांगितलं नाही तरी पुन्हा वाचीन. आणि मग सगळ्यांदेखत, काकूसमोर, नाही म्हणेन.