टोपलीतली नऊ अंडी

लातूर, रविवार

प्रिय सुकन्या,

गच्चीवरच्या टोपलीतल्या नऊ अंड्यांतून काहीच निघणार नाही, हे काल शेजारच्या लक्ष्मीबाईंनी नक्की केलं. एकेक अंडं उन्हासमोर धरून त्यांनी पाहिलं आणि परत ठेवलं. लाल कोंबडी चोवीस दिवस त्या अंड्यांवर बसून होती.

आपल्या गच्चीवर कोंबडी, हे वाचून तू पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचशील. दुकान तुझ्या भावाकडे सोपवल्यापासून अप्पांनी वर भाजी लावली आहे. वांगी, मेथी, दोडका, सगळं रंगाच्या रिकाम्या डब्यांत. नळ आठ दिवसांनी येतो आणि पाणी वर न्यायला आम्ही दोघंच. माझ्या गुडघ्यांना आता त्या जिन्याची एकेक पायरी पाठ झाली आहे. श्रावणात भाजीला कीड लागली, तेव्हा कुणीतरी सांगितलं, कोंबड्या किडे वेचतात, खतही होतं. लिंगपूजेशिवाय पाण्याचा घोट न घेणाऱ्या माणसाने तुझ्या भावाला चाकूरच्या बाजारात पाठवून तीन कोंबड्या आणवल्या. अट एकच, कोंबडा नको, पूजेच्या वेळी आरवेल. अंडी मी फडक्यात धरून लक्ष्मीबाईंना देत होते. खुराडं, झाडलोट, विष्ठा, सगळं माझ्याकडेच आलं. थकले गं.

मग त्यातली लाल कोंबडी खुडूक बसली, अंड्यांवरून उठेचना. अप्पा म्हणाले, आता हिची अंडी कुणाला द्यायची नाहीत, हिला आई होऊ दे. कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाला त्यांनी गोल केला. तळहातावर ज्वारीच्या कण्या धरून तिला भरवायचे. माझ्या बाळंतपणात माझी एवढी चौकशी झाली नव्हती. एकविसावा दिवस गेला, बाविसावा गेला. शेवटी काल लक्ष्मीबाईंना वर बोलावलं, तर अंडी पाहून झाल्यावर त्या तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "अप्पा, कोंबडाच न्हाई, तर पिल्लं कुठून येतेत?" सगळ्या गल्लीला माहीत असलेली गोष्ट आपल्या घरात कुणालाच माहीत नव्हती. कळणार तरी कशी, आपण अंड्याचं नावसुद्धा घेत नाही.

अप्पा हसले नाहीत. उलट्या डब्यावर बसले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे यात जीव नव्हताच?" लक्ष्मीबाई म्हणाल्या, "कुठला जीव? दुकानात मिळतेत त्यातबी नसतोय."

मला ठाऊक होतं, त्यांच्या डोळ्यांसमोर कोणतं अंडं आहे. साक्षी दोन वर्षांची होती, अंगाला काही लागत नव्हतं, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तू माझ्या पातेल्यात एक अंडं उकडलंस. माझ्या घरात कुणाचं लेकरू चुलीवर चढणार नाही, असं म्हणून त्यांनी ते पातेलं अंड्यासकट नालीत टाकलं. दुपारच्या गाडीने तू लेकीला घेऊन नांदेडला गेलीस, त्याला तीन वर्षं झाली, अजून परत आली नाहीस. ते बोलले, ते सगळ्यांनी ऐकलं. मी दाराला टेकून उभी राहिले आणि काहीच बोलले नाही, ते फक्त तू पाहिलंस. फोनवर मला हे सांगता येत नाही. तू "बरं आहे" म्हणून ठेवतेस आणि मलाही तेच सोपं पडतं.

आज सकाळी अप्पांनी ती नऊ अंडी दोडक्याच्या मुळाशी पुरली. कोंबडी अजून रिकाम्या टोपलीतच आहे. चार-पाच दिवसांत उठेल आणि दिवाळीच्या सुमाराला पुन्हा अंडी घालायला लागेल, असं लक्ष्मीबाई म्हणतात. दुपारी गच्चीवर खडखड ऐकू आली म्हणून मी गुडघे धरत वर गेले. अप्पांनी माळ्यावरचा जुना वातीचा स्टोव्ह पुसून पत्र्याखाली मांडला होता, शेजारी एक नवंकोरं छोटं पातेलं. अंडं स्वयंपाकघरात अजून चालणार नाही, एवढं मला समजलं. खाली उतरताना त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं, साक्षीच्या शाळेला दिवाळीची सुट्टी कधीपासून आहे. मी म्हटलं, विचारून सांगते. म्हणून हे पत्र. तारीख कळव.

तुझीच,
आई