होडी जागेवर नाही

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. नमस्कार.

दोन गल्ल्या सोडून राहणारा भाऊ पोस्टाने पत्र पाठवतोय म्हणून हसशील. हस. समोर यायची हिंमत नाही, म्हणून लिहितोय. गुडघा कसा आहे? आमच्याकडे सगळे ठीक. धाकटीला चष्मा लागला.

ऑफिसात पूर्वी महिन्याला दहा-बारा नव्या होड्यांची नोंदणी व्हायची. आता लाकडी होडी घेऊन कुणी फिरकत नाही, येतात ते मोठ्या बोटींचे मालक. पण मासेमारीच्या परवान्यांचा आकडा सरकारने बांधून टाकलाय. एक जुना रद्द झाला तरच नवा निघतो. त्यामुळे हे मालक बाकावर ठाण मांडून बसतात, कुणाचं नाव कटतंय याची वाट बघत. दर हिवाळ्यात आम्ही फिरून प्रत्येक होडीचा नंबर यादीशी ताडून बघतो. सलग दोन वर्षं होडी दिसली नाही की परवाना गेला.

तुला नोटीस मिळाल्याचं कळलं. वहिनी परवा बाजारात भेटली. "भाऊजी, तुमच्या ऑफिसातल्या कुठल्या गाढवाने लिहिलं हो, होडी जागेवर नाही म्हणून? अंगणात पालथी पडलीय एवढी मोठी, डोळे फुटले होते का मेल्याचे?" मी म्हटलं, "बघतो चौकशी करून." चौकशी कसली करतोय, कपाळ माझं!

दादा, तो गाढव मीच.

दोन्ही वर्षं तुमची गल्ली माझ्याच वाट्याला होती. बाबांच्या आजारपणात आपलं भांडण झालं तेव्हा सगळ्यांसमोर तू मला "खुर्चीवरचा मासेमार" म्हणालास, ते फार झोंबलं होतं. पहिल्या वर्षी गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. ठोकाठोकी ऐकू येत होती, तू फळ्या बदलत होतास. आत आलो असतो तर "ये, बस" म्हणाला असतास, आणि नेमकं तेच मला नको होतं. तिथूनच मागे फिरलो आणि शेरा मारला. दुसऱ्या वर्षी तुझ्या गुडघ्यामुळे काम रखडलंय हे ठाऊक होतं, तरी जागचा हललो नाही, ऑफिसात बसूनच तोच शेरा मारून सही केली. नियम मला तोंडपाठ आहे रे. त्या सहीने तुझं पोट जाणार हे कळत होतं. आणि सही केल्यावर घटकाभर बरं वाटलं. ह्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

अपिलाची मुदत तीस दिवसांची, त्यातले अकरा गेले. तुझा परवाना अजून कुणाला दिलेला नाही, पण बाकावरचा एकजण रोज विचारतो. सोबत माझ्या सहीचा जबाब आहे: तपासणीला न जाता खोटा शेरा मारला. तो अपिलाला जोड.

तू तो फाडशील, मला वाचवायला. तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून दुसरी प्रत उद्या साहेबांच्या हातात देतोय.

वहिनीला तूच सांग. माझ्याच्याने झालं नाही. पत्राच्या शेवटी आशीर्वाद मागतात, या वेळी मागत नाही.

तुझा धाकटा भाऊ,
तपासणी कारकून, उद्या सकाळी अकरापर्यंत