नवरीच्या झग्याची विल्हेवाट

मी झाबेता, दिवंगत मिकेलिसची मुलगी, किमोलोस बेटावरच्या कोटात राहणारी. अंगात ताप आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. मी सांगते आहे आणि आमचे धर्मगुरू आंतोनिस लिहून घेत आहेत. कुणाची जबरदस्ती नाही. ती आयुष्यभर झाली, आज नाही.

माझी खोली भाच्याला, यानूलिसला. तशीही त्याने तिच्यात कांदे भरलेच आहेत. अंजिराची झाडं आणि जातं त्याच्या मुलीला, मारूसाला. तांब्याचा हंडा शेजारणीला, काल्लीला. तो तिच्याचकडे आहे, मागून मागून थकले.

आता आईचा लाल रेशमी झगा, भरजरी चोळी आणि जाड मोजे. आमच्याकडे मुलगी हा पोशाख पहिल्यांदा घालते ती देवळात, लग्नाच्या दिवशी. मी घातला एका फिरंगी चित्रकारासाठी. भाऊ स्तामातिस म्हणाला, "अगं, घटकाभर उभी राहा. रुमाल धर, नाचात सगळ्यांच्या पुढे असल्यासारखी." माझं लग्न ठरलेलं होतं. मुलाच्या आईने अंगठी परत पाठवली: "झाली की तुमची पोर नवरी! आता आमच्या दारात कशाला?"

चित्र पुस्तकात छापलं गेलं. मग गलबतावरून उतरणारा जो तो पुस्तक घेऊन भावाच्या खानावळीत यायचा, चित्रावर बोट ठेवायचा, आणि भाऊ म्हणायचा, "झाबेता, नाच." केस पिकले तरी नाचले. मोज्यांनी जाड दिसणाऱ्या माझ्या पिंढऱ्यांना पाहुणे हसायचे. पळून जावंसं वाटे, पण चहूकडे पाणी.

भाऊ गेला, खानावळ यानूलिसकडे आली. परवा तो मारूसाला म्हणाला, "आत्याचा झगा घालून बघ गं, गलबत येतंय." पोरीची सोयरीक झालेली. ती माझ्या उशाशी येऊन रडली, "आत्याआजी, आता गं काय करू?"

म्हणून सांगते. बिनलग्नाची बाई मेली की आपण तिला नवरीसारखं नटवून, डोक्यावर लग्नाचा मुकुट ठेवून पुरतो. तो मान माझा आहे. झगा, चोळी, मोजे सगळं माझ्या अंगावर चढवा आणि मातीत घाला. यानूलिस आरडाओरडा करील, करू दे. मारूसाचा लग्नाचा पोशाख तिच्या सासूच्या पेटीत आहे, तिथेच राहू दे.

देवाशपथ, मला तो झगा अंगाला लागलेलाही नको वाटतो. पण मागे राहिला तर पोरीच्या अंगावर जाईल.

रुमाल तेवढा हातात देऊ नका. हात मोकळे असू द्या.

लिहिता येत नाही, म्हणून क्रूस काढते: †

साक्षीदार: लेओनिस नावाडी, मारूसाचा होणारा सासरा
काल्ली, शेजारीण (हंडा मिळाला)

किमोलोस, ऑगस्ट १७९१