छपरीतला पाइप

४ सप्टेंबर, गुरुवार
आमचं नाटक बसवणाऱ्या टेकचंदभाऊंनी सगळ्या मंडळींसमोर सांगितलं, "कुलदीप, यंदा उडी वीरेंद्र मारन. तू मागं राह्य." गेल्या दिवाळीनंतर सिहोऱ्याच्या मंडईच्या जत्रेत मी स्टेजवर दाणकन आपटलो, फळी तुटली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मान्य! पण आमच्या नाटकाचा शेवटचा नाच त्या उडीवरच उभा आहे आणि ती माझी आहे. म्हटलं, एकदा पाहा तरी. भाऊ म्हणाले, "पाहू, बारा ऑक्टोबरले." रागाने जेवलो नाही.

६ सप्टेंबर
नागपूरच्या उर्वशी मॅडम फोनवर शिकवतात — पुरुषांचा बॅले. माझी उडी पाहून म्हणाल्या, "उडी आहे, उतरणं नाही. तीन आठवडे उडी बंद. भिंतीची दांडी धरून सराव करा."
दांडी कुठून आणू? घरापुढच्या छपरीत पाइप आहे. बाबांना लकवा झाला तेव्हा भिंतीला ठोकला, धरून चालावं म्हणून. वर्ष झालं, बाबांनी बोट लावलं नाही. "मी का लेकरू आहो का, पाइप धरून चालाले?" काठी टेकत मोरीपर्यंत जातात, बाकी वेळ खाटेवर. पाइपवर आई टॉवेल वाळत घालते. टॉवेल काढले.

९ सप्टेंबर
प्लिए. टाचा जुळवायच्या, पंजे बाहेर, पाठ ताठ, गुडघे वाकवायचे. बस. हे तर कोणीही करेल! सोळाव्याला मांड्या लटलट कापायला लागल्या. फोन स्पीकरवर, मॅडमचा आवाज घरभर — "टाच उचलू नका. चार मोजत खाली, चार मोजत वर. ताकद घाईत येत नाही."
आतून बाबा, "काय बायकी चाळे करून राहिला बे!"
मी चिडून ओरडलो, "तुम्ही करून दाखवा!"
तोंडातून निघून गेलं. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. असा कसा गाढव मी!

१० सप्टेंबर
बाबा बोलत नाहीत.

१९ सप्टेंबर
दोन वेळा दांडी. सकाळी आणि धानाच्या बांधीतलं काम करून आल्यावर. एका पायावर आता वीसपर्यंत मोजतो. बाबांची माफी मागायला गेलो आणि पाणी ठेवून परत आलो. भित्रा!

२९ सप्टेंबर
आजपासून उडी. मागच्या वाडीत, तिथे जागा आहे. आधी पंजा, मग टाच, मग गुडघा. उतरलो. आतून बाबा, "धप्प!"
वीस दिवसांनी पहिला शब्द! पुन्हा मारली. "धप्प!" अकरा वेळा मारली, अकरा वेळा धप्प. राग आला आणि खूप बरंही वाटलं.

३ ऑक्टोबर
धप्प. धप्प. एकदा नुसतं "हं." दिवसभर त्या "हं"वर खूश.

७ ऑक्टोबर
मॅडमना ताप, क्लास नाही. बाबांनी जेवताना विचारलं, "थे बाई आज फोनवर आली नाही का?" मी म्हटलं, नाही. "काहून?" ताप आहे म्हटलं. "अस्सं," म्हणाले आणि भात कालवत बसले. बाबांना काय पडलंय!

१२ ऑक्टोबर, रविवार
उतरलो!! टेकचंदभाऊ तीनदा म्हणाले, "अजून एकदा." तिन्ही वेळा फळी वाजली नाही. पहिली टाळी वीरेंद्रची. उडी माझी!
धावत येऊन बाबांना सांगितलं. म्हणाले, "सायकल आत घे, पानी येऊन राहिलं."

१३ ऑक्टोबर
सकाळी वाडीत उडी मारली. आतून काही नाही. दुसरी मारली, काही नाही. शेवटी बाबांनाही माझं उतरणं ऐकू येत नाही म्हणत आत धावलो — खाट रिकामी!
बाबा छपरीत. आईने परत वाळत घातलेले टॉवेल खाली पडलेले. चांगला हात पाइपवर, पाठ ताठ, गुडघे थोडेसे वाकलेले, मान घामाने ओली. "तीन... चार." माझ्याकडे न बघता म्हणाले, "टाच उचलली का मी? पाह्य बरं."
खाली बसून पाहिलं. नव्हती उचलली.