सासऱ्यांची होल्डन मी घरीच नवी करतो

शनिवार, ४ जानेवारी २०१४. सकाळी १०.
सासरे क्लॅरी त्यांची होल्डन गाडी घेऊन आले. १९६४ची, ईएच मॉडेल, मोतिया रंग, पहिल्या दिवसापासून त्यांचीच. स्वतः चालवत आले. दरवर्षीच्या तपासणीत नापास झाली म्हणे. कारण काय, तर ब्रेकची एक नळी झिजलीय आणि मागचा एक दिवा लागत नाही. गॅरेजवाला म्हणाला, दोन तासांचं काम.

दोन तास! असल्या मलमपट्टीनेच जुन्या गाड्यांचं वाटोळं होतं. मी म्हटलं, क्लॅरी, गॅरेजला अजिबात देऊ नका. मी तिला शेवटच्या स्क्रूपर्यंत सुटी करतो आणि नवी कोरी जोडून देतो. रिटायर झालोय, शेड आहे, हत्यारं आहेत, यूट्यूब आहे.

क्लॅरींनी दोनच गोष्टी विचारल्या. नुसता दिवा लावून मिळणार नाही का? आणि नऊ नोव्हेंबरपर्यंत होईल ना? नऊ नोव्हेंबर हा त्यांच्या लग्नाचा वाढदिवस. सासूबाई, म्हणजे मर्ल, होत्या तेव्हा दोघं दरवर्षी याच गाडीतून वायंगालाच्या धरणावर जायचे, चहा आणि सँडविच घेऊन. त्या गेल्यापासून क्लॅरी एकटे जातात. गाडी स्वतः चालवत.

मला हसूच आलं. नोव्हेंबर काय घेऊन बसलात! शेडमधल्या फळ्यावर खडूने लिहिलं: सहा वीकेंड. ग्लेनिस (बायको) फळ्याकडे बघून म्हणाली, कुठल्या सालातले? बाप इतका साधा, हिच्यात ही खोच कुठून आली कळत नाही.

रविवार, ५ जानेवारी. संध्याकाळी ५.
चारही दारं, बॉनेट, डिकीचं झाकण, दोन्ही बंपर, सीटा. सगळं एका दिवसात बाहेर! या वेगाने चार वीकेंड पुरतील. नटबोल्ट बिस्किटांच्या डब्यांत टाकले. यूट्यूबवरचा एकजण म्हणतो, प्रत्येकाला लेबल लावा. ज्यांना आठवत नाही त्यांनी लावावं. मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, जगातल्या सगळ्या राजधान्या अजून तोंडपाठ आहेत.

क्लॅरी दिवसभर शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. निघताना म्हणाले, काल ही चालत होती रे. मी म्हटलं, ऑपरेशनच्या टेबलावर पेशंट चालतो का कधी? चांगलं सुचलं मला. त्यांना घरी सोडायला ग्लेनिस गेली.

रविवार, १२ जानेवारी.
इथला जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. ४३ डिग्री. पत्र्याची शेड. हा वीकेंड मोजायचा नाही.

शनिवार, १८ जानेवारी.
क्रिकेट. हाही नाही.

रविवार, २६ जानेवारी.
घरी बार्बेक्यू. अकरा पाहुण्यांना शेड दाखवली, समजावून सांगितलं. सगळे थक्क. एकाने विचारलं, ठोकली कुणी?

रविवार, १६ फेब्रुवारी.
इंजिन बाहेर आलं. पाय थोडा चेचला, विशेष नाही. आता गाडी पूर्ण सुटी झाली, म्हणजे निम्मं काम संपलं. खरं तर निम्म्याहून जास्त, कारण आता तेच सगळं फक्त उलट्या क्रमाने करायचं. क्रम लिहून ठेवायला हवा होता, पण तर्काने निघेल.

मोजलेले वीकेंड: दोन. वेळेच्या पुढे आहे.

रविवार, २ मार्च.
ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यावर गंजाचा ठिपका दिसला. बोटाने दाबला. बोट आरपार. गंज किती खोल आहे हे बघण्यासाठी स्क्रूड्रायव्हरने जरा चाचपलं. आता तिथून शेडची फरशी स्वच्छ दिसते. वेल्डिंग शिकणं आलं. जुलैपर्यंत शिकेन.

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी ९.
क्लॅरी आठ वाजता दारात. इस्त्रीचा शर्ट, थर्मास, कागदात गुंडाळलेली सँडविचं. गाडी तयार नाही हे ग्लेनिसने त्यांना सांगितलं होतं. तरी बघून यावं म्हणून आले असणार. स्टिअरिंग मी शेडच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलंय. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मी त्यांना वेल्डिंगच्या मास्कचे दोन प्रकार समजावले.

संध्याकाळी ६.
ग्लेनिसने त्यांना तिच्या कोरोलातून धरणावर नेऊन आणलं. म्हणाली, बाबा गाडीतून उतरलेच नाहीत. म्हणाले, बाजूच्या सीटवर बसून यायला मी काय सामान आहे? परत येताना फक्त आपल्या गाडीबद्दल बोलले.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हणून जेवायच्या आधी कॉम्प्युटरवर नवा तक्ता बनवला. चार रंगांत. क्लॅरी जूनमध्ये पंच्याऐंशीचे होतील. इथल्या नियमाने पंच्याऐंशीला गाडी चालवून दाखवावी लागते, नाहीतर लायसन्स जातं. ती परीक्षा ते स्वतःच्या ईएचमध्येच देतील. हा माझा शब्द.

शनिवार, १४ मार्च २०१५.
ईएचवाल्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर आज माझी हजार उत्तरं पूर्ण झाली. नावापुढे 'ज्येष्ठ सल्लागार' लागलं. ग्लेनिस म्हणाली, जगातल्या सगळ्यांच्या गाड्या सुरू होतायत. मी म्हटलं, कुणामुळे?

क्लॅरी आता शेडमध्ये फारसे येत नाहीत. माझी एकाग्रता वाढली आहे.

गुरुवार, ११ जून.
क्लॅरी पास! कोरोलात दिली परीक्षा. परीक्षक म्हणे पार्किंग बघून म्हणाला, आजोबा, तुम्ही मला शिकवा. मी अभिनंदन केलं आणि म्हटलं, ईएचमध्ये दिली असती तर अजून छाप पडली असती. क्लॅरी म्हणाले, पडली असती, पण परीक्षेला चाकं लागतात असं फॉर्मवर लिहिलं होतं.

वयानुसार माणूस कडवट होतो. मनावर घेतलं नाही.

शनिवार, १७ ऑक्टोबर. दुपारी १२.
ऐतिहासिक दिवस. चारही दारं आणि बॉनेट घासून रंगाआधीचा प्रायमर मारला. शेडमध्ये सावली, म्हणून घरासमोर रस्त्याकडेच्या गवतावर उन्हात वाळत ठेवलं. ओळीने मांडलेलं बघून ऊर भरून आला.

या आठवड्यात कौन्सिल अवजड भंगार उचलणार आहे. अख्ख्या गल्लीने नको असलेलं सामान बाहेर काढून गवतावर ठेवलंय. लोकं काय काय टाकतात! प्रायमर वाळेपर्यंत एक चक्कर मारून येतो. नटबोल्ट लावायला एखादं कपाट मिळालं तर बघावं. रस्त्यावर ठेवलेलं ज्याला हवं त्याने उचलावं, ही आपल्याकडची फार चांगली पद्धत आहे.

दुपारी ३.
सुंदर कपाट मिळालं. सोळा खणांचं. ते ढकलत घरी आलो.

दारं नाहीत. बॉनेट नाही. गवतावर पाच चौकोनी डाग आहेत, प्रायमरचे.

सोमवार, १९ ऑक्टोबर.
बॉनेट सापडलं. तीन गल्ल्या पलीकडे, एका माणसाच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून. त्याने वरून खिळे मारलेत. मी म्हटलं, ते माझं आहे. तो म्हणाला, साहेब, भंगाराच्या आठवड्यात गवतावर होतं ना? मग ते कोंबड्यांचं. मी कायदा सांगितला. त्याने विचारलं, आणि तुम्ही परवा ढकलत नेत होता ते कपाट कुणाचं हो? ते माझ्या मेव्हणीने बाहेर ठेवलं होतं, म्हणाला.

अशा माणसांशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्याने सहा अंडी दिली. घेतली.

ग्लेनिसला सांगायला योग्य वेळ शोधतोय.

मंगळवार, २० ऑक्टोबर.
तिला कालच कळलं होतं. तो अंडीवाला तिच्या ऑफिसात आहे.

सोमवार, ९ नोव्हेंबर.
धरण नाही. क्लॅरींना सर्दी झालीय, असं ग्लेनिस म्हणाली. दुपारी बाजारात भेटले, तेव्हा सर्दी नव्हती. मला बघून खिशातून रुमाल काढला.

रविवार, १० एप्रिल २०१६.
बॅथर्स्टच्या जुन्या पार्टांच्या बाजारातून दोन दारं आणली. निळी आहेत, आणि आधीच्या मॉडेलची. दोन्ही डावीकडची. पण भक्कम.

शनिवार, २२ ऑक्टोबर. सकाळी ११.
गाडी विकली. कागद क्लॅरींच्या नावावर, त्यामुळे मला विचारण्याची कुणाला गरज वाटली नाही. बापलेकींनी परस्पर ठरवलं.

घेणारी बाई कॅनोविंड्राची, नाव नोलीन, शाळेची बस चालवते. ट्रेलर घेऊन आली. ट्रेलरच्या तीन खेपा झाल्या. बिस्किटांचे एकवीस डबे बघून विचारलं, यात काय कशाचं आहे? मी म्हटलं, तर्काने निघेल. तिने एक डबा उघडला, हुंगला, आणि म्हणाली, यात बिस्किटंच आहेत. मग विचारलं, किती दिवस चाललंय हे काम? मी म्हटलं, तिसरं वर्ष, घाईत केलं की कामं बिघडतात. ती म्हणाली, नाही, घाई केल्याच्या खुणा नाहीत कुठे.

क्लॅरींनी विकताना एकच अट घातली. वर्षातून एक दिवस, नऊ नोव्हेंबरला, चावी त्यांच्या हातात. मी नोलीनला बाजूला घेऊन सांगितलं, उगाच शब्द देऊ नका, त्यांचं वय बघता हा क्रूरपणा आहे. मनुष्यबळ, पार्ट, गंज, सगळं धरलं तर दहा वर्षं. मी या विषयातला ज्येष्ठ सल्लागार आहे.

ग्लेनिस मागे उभी होती. म्हणाली, डेस, माझ्या वडिलांकडे दहा वर्षं नाहीत. तीन होती. ती तू घेतलीस.

मी शेडमध्ये जाऊन फळ्यावरचं 'सहा वीकेंड' पुसलं.

रविवार, १८ जून २०१७.
क्लॅरी सत्त्याऐंशीचे. दर दोन वर्षांनी होणाऱ्या परीक्षेत पुन्हा पास. मला ग्लेनिसच्या भावाकडून कळलं.

गुरुवार, ९ नोव्हेंबर २०१७. संध्याकाळी ५.
सकाळी दारात हॉर्न वाजला. बाहेर आलो. मोतिया रंगाची ईएच. चारही दारं, चारही एकाच मॉडेलची. क्लॅरी स्टिअरिंगवर, इस्त्रीच्या शर्टात. शेजारी नोलीन. बस चालवून, फक्त शनिवार-रविवार काम करून, वर्षभरात उभी केली बाईने. काय चुकलंय हे शोधत मी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. क्लॅरी म्हणाले, मागे बस, डेस. चहा गार होतोय.

मागे ग्लेनिसच्या शेजारी बसलो. क्लॅरी चाळीस किलोमीटर एकदाही न चुकता चालवत गेले. वळणावर गिअर टाकताना त्यांच्या मानेकडे बघत होतो. ते तीस वर्षांनी लहान दिसत होते. धरणावर उतरले, पाण्याकडे एकटेच चालत गेले, बराच वेळ परत आले नाहीत. नोलीन आणि ग्लेनिस सँडविचांचे कागद सोडत होत्या. मला तिथे उभं राहायची लाज वाटली. हे फक्त इथे लिहितो, कारण हे कुणी वाचत नाही. दोन तासांचं काम होतं.

तरी परत येताना राहवलं नाही. माणूस अनुभवी असला की कान शांत बसत नाहीत. मी म्हटलं, क्लॅरी, नोलीनला वाईट वाटू नये, पण पुढून एक सारखी घरघर येतेय. मी तीन वर्षं काम केलं, तेव्हा शेडमध्ये कधी असा आवाज आला नव्हता.

क्लॅरींनी आरशातून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, डेस, ते इंजिन आहे. गाडी चालू असली की येतो तो आवाज.